डब्यातले दूध आणि घरातला रस

भाद्रपदात गौरी येतात आणि कोकणातून मुंबई-ठाण्याकडे येऊन स्थिरावलेल्या असंख्य घरांत घावन-घाटल्याची तयारी सुरू होते. घाटले म्हणजे तांदळाचे पीठ, गूळ, वेलची-जायफळ आणि नारळाचे दूध, बस्स, एवढेच. डोंबिवलीतल्या अशाच एखाद्या घरी सकाळी सातच्या सुमारास सून कपाटातून नारळाच्या दुधाचा कागदी डबा काढते आणि विचारते, “आई, या वेळी हा वापरू या का? खवणे, वाटणे, पिळणे, सगळेच वाचेल.” सासूबाई नाही म्हणत नाहीत. “वापर की गं. फक्त आधी वास घेऊन बघ,” एवढेच त्या म्हणतात. घाटले होते, नैवेद्य दाखवला जातो, पंगत उठते. तक्रार कोणीच करीत नाही. मात्र दर वर्षी मागून घेतले जाणारे घाटले त्या वर्षी पातेल्यात उरते.

प्रसंग अगदी लहान आहे आणि त्यात कोणाचाही दोष नाही. सकाळी नऊची लोकल गाठायची असते, सणाची रजा एकच दिवस मिळालेली असते आणि डबा दहा रुपये जास्त मागत असला तरी तासभर वाचवीत असतो. तरीही त्या उरलेल्या घाटल्याकडे पाहून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जो पदार्थ आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने, ताजा आणि त्याच दिवशी संपेल इतकाच काढला जात होता, तो आता महिनोन्‌महिने टिकणाऱ्या डब्यातून विकत आणताना नेमके काय हातचे जात आहे? आणि त्याच वेळी शहरातल्या मोठ्या दुकानांत बदामाचे, काजूचे, ओटचे ‘दूध’ गाईच्या दुधाचा पर्याय म्हणून मांडले जात असताना, या सगळ्या पांढऱ्या पेयांचे आपल्या ताटातले खरे स्थान कोणते?

भाषेने आधीच दिलेला निवाडा

दूध कशाला म्हणावे, हा वाद गेल्या काही वर्षांत सरकारदरबारी पोहोचला. २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर ‘दूध’ हा शब्द चालणार नाही असे बजावले आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी उत्पादने यादीतून काढण्यास सांगितले. नारळाच्या दुधाला मात्र या बंधनातून सूट आहे, कारण ते नाव जगभर रूढ आहे आणि त्याने कोणाची फसवणूक होत नाही.

कोकणच्या स्वयंपाकघराने हा निवाडा केव्हाच दिला होता. मालवणकडे शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला ‘रस’ वाढतात, खापरोळी ‘रसा’त बुडवून खातात, गोव्यात त्यालाच ‘रोस’ म्हणतात. दूध हा शब्दही चालतो, पण तो रंगावरून आलेला आहे. मणगणे असो, सांदणाबरोबरची वाटी असो वा जेवणाच्या शेवटची सोलकढी असो, हा रस ज्या ज्या ठिकाणी येतो तेथे तो पदार्थाचा भाग म्हणून येतो. सकाळी पेलाभर रस मुलाला पाजून शाळेत पाठवावे, असे कोकणातल्या कोणत्याही आजीला कधी सुचले नाही. घरात नारळाचा रस होता आणि गोठ्यात गायही होती. दोघांची कामे वेगळी होती आणि दोघांचा मान वेगळा होता. आज हा विवेक सुटू लागला आहे, म्हणून तो पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे.

ताजेपण हाच त्याचा गुण

नारळाचा रस घरीच का काढावा, याचे उत्तर केवळ भावनेत नाही. ते खोबऱ्याच्या घडणीतच आहे. पक्व नारळाच्या ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश आणि जवळजवळ निम्मे पाणी असते. खवल्यावर आणि वाटल्यावर त्यातील तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि खोबऱ्यातलीच थोडी प्रथिने त्या थेंबांभोवती आवरण धरून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. पांढरा रंग, दाटपणा आणि जिभेवरचा मऊपणा हे सारे या नाजूक मेळाचे फळ. हा मेळ काही तासांचाच असतो. रस ठेवून दिला की तेलकट दाट थर वर येतो आणि पाणी खाली राहते. उन्हाळ्यात तीन-चार तासांत त्याला आंबूस वास येऊ लागतो, कारण त्यात जंतूंची वाढ रोखणारा आंबटपणा नसतो.

हाच रस महिनोन्‌महिने टिकवायचा तर त्याला कडक उष्णता द्यावी लागते आणि ती दिल्यावर फाटू नये म्हणून ग्वार गमसारखे दाटपणा आणणारे किंवा तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ बहुधा घालावे लागतात. यात बेकायदेशीर काही नाही आणि या पदार्थांनी कोणी आजारी पडते असेही नाही. जर्मनीत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ताजा नारळ मिळत नसेल, तर डबा हाच आधार आहे आणि त्यांनी तो जरूर वापरावा. पण ज्याच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे रोज नारळाचा ढीग असतो, त्याने हे ओळखले पाहिजे की, डब्यात नाव टिकते, रंग टिकतो. सुवास मात्र टिकत नाही. सासूबाईंनी वास घ्यायला सांगितले ते यासाठीच.

पंधरा-वीस मिनिटांची विद्या

हे काम अवघड आहे, असा समज नव्या घरांत पसरला आहे. प्रत्यक्षात सरावाच्या हाताला ते पंधरा-वीस मिनिटांचे आहे. मात्र त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे आणि कारण कळले की पायरी चुकत नाही.

नारळ पूर्ण पक्व, साधारण अकरा-बारा महिन्यांचा हवा. हलवल्यावर पाणी खळखळ वाजले पाहिजे आणि डोळे कोरडे, बुरशीविना असले पाहिजेत. शहाळ्याच्या मलईत रस देण्याइतका स्निग्धांश नसतो. फोडल्यावर पाण्याचा घोट चाखावा. पाणी आंबूस असेल तर तो नारळ रसाला घेऊ नये. विळीच्या खवणीवर खवताना पांढरा चव तेवढा घ्यावा. करवंटीलगतची तपकिरी पाठ खवली गेली तर रस करडा दिसतो. मध्यम नारळाचा अडीच-तीन वाट्या चव निघतो.

त्यात वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सर थांबून थांबून फिरवावा. पाणी कोमटच का? खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते. थंड पाण्याने किंवा फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या खोबऱ्याने ते चोथ्यातच अडकून राहते. उलट उकळते पाणी घातले तर तेल सुटून वर तरंगू लागते. हाताला सोसेल इतके ऊन पाणी हे आजीचे माप बरोबर मधले आहे. मग स्वच्छ धुतलेल्या पंच्यात किंवा मलमलच्या फडक्यात चव घेऊन घट्ट पिळावा. फडक्याला साबणाचा वास नसावा, कारण खोबऱ्याचा स्निग्धांश कोणताही वास लगेच उचलतो. पहिला निघतो तो दाट रस. त्याच चोथ्यात पुन्हा वाटीभर पाणी घालून निघतो तो मधला, आणि तिसऱ्यांदा निघतो तो पातळ.

या तीन रसांची कामे ठरलेली आहेत. पातळ रसात तांदूळ, डाळ किंवा भाजी शिजते. मधला रस शिजत आल्यावर पडतो. दाट रस शेवटी, आच मंद करून, ढवळत ढवळत घालायचा आणि खळखळून उकळू द्यायचा नाही. उकळी फुटली की तेलाच्या थेंबांभोवतीची प्रथिने गोठतात आणि रस फाटतो. सोलकढीत आच नाही, पण आमसुलाचा आंबटपणा आहे आणि आंबटपणानेही हा मेळ मोडतो. म्हणून कोकणात सोलकढी पाने घेताना करतात, सकाळी करून ठेवीत नाहीत. ज्याला हे ‘का’ कळले, त्याला पाककृतींचे पुस्तक उघडावे लागत नाही.

उरलेला चोथाही फेकण्याची वस्तू नाही. तो सुक्या चटणीत, थालीपिठात, भाजीच्या वाटणात जातो. अधिक नारळ असतील तर दाट रस मंद आचेवर आटवून त्याचे तेल काढतात; कोकणात त्याला आवेल म्हणतात. २०२५ साली नारळाचे भाव देशभर विक्रमी चढले, तेव्हा एका नारळातून तीन रस आणि चोथा काढणाऱ्या या जुन्या हिशेबाचे मोल पुन्हा ध्यानात आले असेल.

देशावरचे दाणे आणि दूरदेशीचे बदाम

नारळ कोकणचा, तसा शेंगदाणा देशावरचा. उपवासाची दाण्याची आमटी ज्या घरात होते त्या घराला दाण्याचे दूध काही परके नाही. दाणे सहा-आठ तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे, साले चोळून काढावीत, चौपट पाण्यात वाटून गाळावे आणि मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत उकळावे, म्हणजे कच्चा वास जातो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या प्रथिनांची जोड देऊन दुधाचा पुरवठा वाढवण्याचे ‘मिल्टोन’ नावाचे पेय सिद्ध केले होते. दुधाचा तुटवडा असलेल्या देशाने आपल्याच शेतातल्या पिकाकडे पाहून शोधलेला तो मार्ग होता.

दाण्यांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र पाळलीच पाहिजे. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा एकही घेऊ नये. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृताला घातक असते आणि घरच्या उकळण्याने नाहीसे होत नाही. सुपात दाणे घेऊन निवडत बसणारी आजी हेच काम करीत होती. ज्यांना दाण्यांची वा बदाम-काजूची ॲलर्जी आहे, त्यांनी अर्थातच यापासून दूर राहावे.

काजूचे दूध सर्वांत सोपे. दोन-चार तास भिजवलेले काजू बारीक वाटले की गाळण्याचीही गरज उरत नाही. बदाम रात्री भिजवावेत, सकाळी सोलावेत, तीन-चार पट पाण्यात वाटून फडक्यातून पिळावेत. फ्रिजमध्ये ते दोन दिवस राहते. खाली साका बसला तर ते बिघडले असे समजू नये, हलवून घ्यावे. आता बाजारातल्या डब्याकडे वळून त्यावरची घटकांची यादी वाचावी. पहिले नाव पाण्याचे असते आणि बदामाचा वाटा अनेक ब्रँडमध्ये अवघा दोन ते चार टक्के. बरे, भारतात खपणारे बहुतांश बदाम कॅलिफोर्नियासारख्या दूरदेशीहून येतात. म्हणजे परदेशी बदामाच्या मूठभर अर्कात आपल्याच नळाचे पाणी मिसळून ते दुधाच्या कितीतरी पट भावाने घ्यायचे! बदामाचे दूध हवे असेल तर मूठभर बदाम आणि घरचा मिक्सर पुरेसा आहे.

गाईच्या जागी कोण?

येथे खरा मुद्दा येतो. २०२१ सालीच ‘पेटा इंडिया’ या संस्थेने अमूलला वनस्पतिजन्य दुधाकडे वळण्याचा सल्ला दिला. अमूलचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी यांनी त्यावर, देशातल्या कोट्यवधी दूध उत्पादकांच्या उपजीविकेचे काय, असा रोकडा प्रश्न विचारला. ज्याच्या दारात एखादी गाय किंवा म्हैस एवढेच भांडवल आहे, त्या भूमिहीन कुटुंबाचा विचार शहरातल्या दुकानाच्या फळीसमोर उभे राहून होत नाही. हा प्रश्न आर्थिक आहे. पण त्याहून निकडीचा प्रश्न पोषणाचा आहे.

या बाबतीत सर्वांत बोलका अनुभव महात्मा गांधींचा आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. गाई-म्हशींवर दुधासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांनी तो निश्चय अधिक दृढ झाला. दाण्याचे लोणी आणि लिंबू हा त्यांचा मुख्य आहार होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरत असताना ते अतिशय आजारी पडले. दुधाला पर्याय म्हणून त्यांनी वैद्यांना, डॉक्टरांना, शास्त्रज्ञांना विचारले. कोणी मुगाचे पाणी सुचवले, कोणी मोहाचे तेल, कोणी बदामाचे दूध. गांधीजींनी हे प्रयोग करून पाहिले आणि अंथरूण काही सुटले नाही. अखेर डॉ. दलाल यांच्या आग्रहानंतर आणि कस्तुरबांनी दाखवलेल्या वाटेने ते शेळीच्या दुधाला तयार झाले. आपल्या व्रताचा शब्द पाळला गेला, पण आशय मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवली आहे. आहाराचे प्रयोग इतक्या निष्ठेने करणाऱ्या माणसालाही बदामाच्या दुधाने उठवले नाही, हे आजच्या जाहिरातबाजांनी ध्यानात ठेवावे.

याची कारणे आज स्पष्ट आहेत. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात तीन ग्रॅमहून अधिक उत्तम प्रथिने आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, पण कॅल्शियम नगण्य. पातळ बदाम-दुधात प्रथिनेही बेताचीच. शिवाय जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसते. शाकाहारी मराठी घराला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. अशा घरातल्या मुलीने कोणाचे तरी ऐकून दूध बंद केले आणि त्याजागी बदामाचा डबा आणला, तर काही वर्षांनी येणारा थकवा, हातापायांना येणाऱ्या मुंग्या यांचे मूळ कोणालाच सापडत नाही. पूर्ण वनस्पतिजन्य आहारच घ्यायचा असेल तर बी-१२ची सोय डॉक्टरांना विचारून वेगळी करावी लागते.

लहान बाळाच्या बाबतीत तर हयगय नकोच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हे बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. वर्षाच्या आत नारळाचे, बदामाचे वा दाण्याचे दूध हे मुख्य पेय म्हणून बाळाला कदापि देऊ नये. ज्या मोठ्या माणसांना दूध पचत नाही, त्यांच्यासाठी परंपरेने तोडगा ठेवलेलाच आहे. दह्यात आणि ताकात विरजणाच्या जंतूंनी दुधातली साखर काही अंशी आधीच संपवलेली असते, त्यामुळे दुधाने पोट बिघडणाऱ्या अनेकांना ताक चालते. दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टरांचा सल्ला हवा आणि तेथे घरचे दाण्याचे किंवा काजूचे दूध खरोखर उपयोगी पडते.

खवणी कोणाच्या हाती?

एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. रस घरी काढा, सण घरी करा, चोथाही वाया घालवू नका, हे सगळे सांगितले जाते ते गृहिणीला. ती नोकरी करते, मुलांचा अभ्यास घेते, वडीलधाऱ्यांची औषधे सांभाळते, आणि वर परंपराही तिनेच सांभाळायची! तिने डबा आणला तर तिला बोल लावण्याचा अधिकार, जो जेवणाच्या वेळीच स्वयंपाकघरात डोकावतो, त्या पुरुषाला मुळीच नाही.

पण कोकणातले जुने घर जरा नीट आठवून पाहावे. नारळ पाडणारा, सोलणारा, फोडणारा पुरुषच असे. मोठ्या कार्याला आचाऱ्यांचा कळप विळ्या मांडून खवायला बसे. म्हणजे खवणे हे ‘बायकी’ काम आहे, ही समजूत शहरातली आहे. पिळण्याला तर मनगटाचा जोर लागतो. शाळकरी मुलगा ते आनंदाने करतो. बाबांनी नारळ फोडावा, आजोबांनी तो निवडायला शिकवावा, मुलांनी खवावा-पिळावा आणि आईने घाटले ढवळावे, अशी वाटणी झाली तर ज्या कामाला एकटीला पाऊण तास लागतो ते चौघांत दहा-बारा मिनिटांत उरकते. आणि त्या वेळात मुलाला नारळ केव्हा पक्व होतो, तेल का गोठते, रस का फाटतो हे कळते. शाळेत पाठ करावे लागणारे विज्ञान येथे हाताला चिकटते.

ही विद्या कोणत्याही ग्रंथात अडकलेली नाही. ती आईच्या हातातून मुलीच्या, आता मुलाच्याही, हातात जाते आणि एका पिढीने ती सोडली की पुढच्या पिढीला विकतच घ्यावी लागते. ज्या घरातून विळी माळ्यावर गेली, त्या घरात नारळ देवापुढे ठेवण्यापुरताच उरतो. बाजाराला त्याचे सुख-दुःख नाही. घराने मात्र ते ओळखले पाहिजे.

तेव्हा डब्याशी वैर नको. प्रवासात, परदेशात, आजारपणात तो कामाला येवो. पण येत्या नारळी पौर्णिमेला एक काम जरूर करावे. माळ्यावरची विळी उतरवावी, खवणीचे दात घासून पुसून घ्यावेत, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून पाणी वाजणारे दोन नारळ आणावेत आणि घरातल्या सर्वांत धाकट्या हाताला पंचा पिळायला द्यावा. मुलांना सकाळचे दूध गाईचेच मिळू दे. दुपारच्या ताटात रस नारळाचा येऊ दे. दोघांचीही जागा तीच आहे, आणि ती घरानेच राखायची आहे.